न बोलणाऱ्यांचं फिलिबस्टर

१ एप्रिल २०२५ च्या संध्याकाळी न्यू जर्सीचे सिनेटर कोरी बुकर अमेरिकी सिनेटमध्ये बोलायचे थांबले, तेव्हा त्यांच्या भाषणाला पंचवीस तास उलटून गेले होते. इतका वेळ ते उभेच होते. १९५७ पासून साउथ कॅरोलायनाच्या स्ट्रॉम थरमंड यांच्या नावावर असलेला २४ तास १८ मिनिटांचा विक्रम त्यांनी मोडला. थरमंड तेव्हा काळ्या नागरिकांच्या मतदानहक्काचा कायदा अडवायला उभे होते आणि बुकर स्वतः कृष्णवर्णीय आहेत, त्यामुळे या विक्रमाचं कौतुक जरा जास्तच झालं. ते रास्तही होतं. अनेकांनी सहज लिहून टाकलं की बुकर यांनी सर्वांत लांब फिलिबस्टर केलं, म्हणजे बोलत राहून कामकाज अडवून धरलं.

त्यांनी फिलिबस्टर केलंच नव्हतं. समोर कुठलं विधेयक नव्हतं, कुठलं मतदान अडलेलं नव्हतं. सरकारच्या कारभाराचा निषेध म्हणून ते एक लांबलचक भाषण होतं. ज्याला सिनेटच्या व्यवहारात खरोखर फिलिबस्टर म्हणतात, ते त्याच सभागृहात अधिवेशनामागून अधिवेशन चालू असतं आणि त्यासाठी कोणाला एक वाक्यही बोलावं लागत नाही. चर्चा थांबवायला साठ मतं लागतात, त्यामुळे शंभरातल्या एकेचाळीस सदस्यांनी पाठिंबा दिला नाही की विधेयक मतदानापर्यंत पोचतच नाही.

म्हणजे जो बोलला त्याने अडवलं नाही आणि जे अडवतात ते बोलत नाहीत. तरी शब्द दोघांना एकच. शब्दकोशातल्या बारकाव्यांचा हा वाद असता तर तो भाषेच्या प्राध्यापकांवर सोडून देता आला असता. पण माझं म्हणणं असं आहे की या शब्दाला चिकटलेली धाडसाची जुनी झळाळी आजच्या एका बिनकष्टाच्या नकाराधिकाराला पाठीशी घालते. हे समजायला शब्दाचा प्रवास पाहायला हवा, आणि तो प्रवास तसाही भन्नाट आहे.

मूळ शब्द डच. 'व्राय' म्हणजे मोकळा, 'बाउट' म्हणजे लूट. मोकाट लूट करत हिंडणारा तो 'व्रायबाउटर'. सोळाव्या शतकात इंग्रजांनी तो उचलून त्याचा 'फ्रीबूटर' केला. फ्रेंचांच्या तोंडी त्याचा 'फ्लिब्युस्तिए' झाला आणि सतराव्या शतकात कॅरिबियन समुद्रात स्पॅनिश गलबतं लुटणारे चाचे त्या नावाने ओळखले जाऊ लागले. लुटले जाणारे स्पॅनिश त्यांना 'फिलिबुस्तेरो' म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हाच शब्द स्पॅनिशमधून पुन्हा इंग्रजीत आला, पण तोवर तो इतका बदलला होता की घरात आधीपासून असलेल्या 'फ्रीबूटर'चा हा सख्खा भाऊ आहे हे कोणाला ओळखू येईना.

तो परत आला त्या वेळी त्याला लागू पडणारी माणसं अमेरिकेत तयारच होती. १८५० च्या आसपास अमेरिकेच्या दक्षिणेत खासगी फौजा जमवून शेजारच्या देशांवर चालून जाण्याची एक लाटच आली होती. सरकारचा हुकूम नाही, युद्धाची घोषणा नाही. उलट परराष्ट्राविरुद्ध अशी मोहीम काढणं हा १८१८ च्या तटस्थता कायद्याने गुन्हा होता. व्हेनेझुएलात जन्मलेला नार्सिसो लोपेझ न्यू ऑर्लीन्सहून क्युबावर दोनदा चालून गेला. स्पेनची सत्ता उलथायची आणि क्युबाला गुलामगिरीचं राज्य म्हणून अमेरिकेत आणायचं, असा त्याच्या दक्षिणेतल्या पाठीराख्यांचा हिशोब होता. या मोहिमेत हात असल्याच्या आरोपावरून मिसिसिपीचे गव्हर्नर जॉन क्विटमन यांच्यावर खटला भरला गेला आणि १८५१ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. त्याच वर्षी सप्टेंबरात लोपेझला हवानात जाहीरपणे गळा आवळून मारण्यात आलं. त्याच्या मोहिमेचा झेंडा मात्र टिकला. १८५० मध्ये कार्देनास गावात त्याने फडकवलेला एका ताऱ्याचा तो झेंडा आज क्युबाचा राष्ट्रध्वज आहे. स्पॅनिश सरकार ज्याला फिलिबुस्तेरो म्हणून देहदंड देतं, त्याचं निशाण पुढे स्वतंत्र देश आपलं म्हणून मिरवतो. या शब्दाच्या वाट्याला असले विरोधाभास फार आले.

या जमातीचा सर्वांत नामांकित माणूस म्हणजे विल्यम वॉकर. नॅशव्हिलचा. वयाच्या विशीच्या आत डॉक्टर झाला, मग वकील झाला, मग वर्तमानपत्राचा संपादक झाला, आणि यातलं काहीच मन रमवेना म्हणून देश जिंकायला निघाला. १८५३ मध्ये मेक्सिकोच्या बाजा कॅलिफोर्नियात उतरून त्याने स्वतःचं प्रजासत्ताक जाहीर केलं. ते कोसळलं, तो परतला, सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्यावर खटला झाला आणि ज्युरीने काही मिनिटांत त्याला निर्दोष सोडलं. त्या काळी लोकमत कुणीकडे होतं ते यावरून कळतं. १८५५ मध्ये निकाराग्वातल्या यादवीत एका पक्षाच्या बोलावण्यावरून तो साठेक माणसं घेऊन तिथे गेला. त्याने ग्रानादा शहर ताब्यात घेतलं आणि १८५६ च्या जुलैमध्ये तो चक्क निकाराग्वाचा राष्ट्राध्यक्ष होऊन बसला. तिथे गुलामगिरी कधीच रद्द झाली होती. वॉकरने ती बंदी उठवली.

शेजारच्या कोस्टा रिकाचे अध्यक्ष हुआन राफाएल मोरा यांनी त्याआधीच त्याच्याविरुद्ध युद्ध पुकारलं होतं. ११ एप्रिल १८५६ ला रिवासच्या लढाईत हुआन सांतामारिया नावाचा एक ढोल वाजवणारा तरुण सैनिक वॉकरच्या माणसांनी आश्रय घेतलेली इमारत पेटवताना मारला गेला, असं तिथला इतिहास सांगतो. आज कोस्टा रिकाच्या मुख्य विमानतळाला त्याचं नाव आहे आणि ११ एप्रिल हा राष्ट्रीय सुटीचा दिवस आहे. वॉकरच्या सेनापतीने माघार घेताना ग्रानादा जाळलं आणि 'इथे ग्रानादा होतं' अशी पाटी मागे ठेवली. शेवटी १८६० मध्ये होंडुरासमध्ये वॉकरला गोळ्या घालण्यात आल्या. तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता.

मध्य अमेरिकेत फिलिबस्टर म्हटलं की आजही डोळ्यांसमोर वॉकर येतो. अमेरिकी माणसाला मात्र पुष्कळदा माहीतही नसतं की या शब्दाने कधी शहर जाळलं होतं.

अमेरिकी संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, हा शब्द शिरला तोही या मोहिमांच्या वादातूनच. १८५३ च्या जानेवारीत नॉर्थ कॅरोलायनाचे अब्राहम व्हेनेबल प्रतिनिधिगृहात, म्हणजे सिनेटच्या जोडीच्या दुसऱ्या सभागृहात, क्युबावरच्या मोहिमांविरुद्ध बोलले. मिसिसिपीचे अल्बर्ट ब्राउन हे मोहिमांचे समर्थक. आपल्याच पक्षाचा माणूस विरोधकांच्या कौतुकात न्हाऊन निघालेला पाहून त्यांना राग आला आणि ते म्हणाले की आपला हा मित्र पलीकडे उभा राहून खुद्द अमेरिकेविरुद्धच फिलिबस्टर करतोय की काय असं वाटलं. म्हणजे काँग्रेसमध्ये ज्याच्यावर हा शब्द पहिल्यांदा फेकला गेला तो फिलिबस्टरांचा कट्टर विरोधक होता! शिवी म्हणून फेकलेला शब्द सभागृहाला आवडला. परक्या मुलखात घुसून तिथलं कामकाज उधळणारा लुटारू आणि सभागृहाचं कामकाज ओलीस धरणारा सदस्य यांच्यातलं साम्य कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत संसदीय अर्थ पक्का झाला आणि दुसरा पुसट होत गेला.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, स्पेनच्याच ताब्यातल्या फिलिपिन्समध्ये, त्याच शब्दाचं काहीतरी वेगळंच झालं. तिथे त्याचा समुद्री चाच्यांशी संबंध नव्हता की निकाराग्वा जिंकायला निघालेल्या डॉक्टरांशी नव्हता. तिथे फिलिबुस्तेरो म्हणजे स्पॅनिश सत्तेला नको असलेला माणूस. १८७२ मध्ये बंडाला चिथावणी दिल्याच्या आरोपावरून गोमेझ, बुर्गोस आणि झामोरा या तीन धर्मगुरूंना मनिलात देहदंड दिला गेला. पुढे फिलिपिन्सचे राष्ट्रनायक ठरलेले कादंबरीकार होसे रिझाल तेव्हा लहान होते. पुढे आपल्या ऑस्ट्रियन मित्राला, फर्डिनांड ब्लुमेनट्रिटला, लिहिलेल्या पत्रात त्यांनी सांगितलं की हा शब्द आपण पहिल्यांदा ऐकला तो त्या वर्षी. त्या शब्दाने उडालेली घबराट त्यांच्या लक्षात राहिली होती. घरात तो उच्चारायलाही वडिलांनी मनाई केली होती. आमच्याकडे याचा अर्थ चाचा असा नाही, लवकरच फासावर जाणार असलेला धोकादायक देशभक्त असा आहे, असं त्यांनी लिहिलं. १८९१ मध्ये बेल्जियममधल्या गेंट शहरात त्यांची दुसरी कादंबरी छापली गेली, तिचं नावच 'एल फिलिबुस्तेरिस्मो'. ती त्यांनी त्या तीन धर्मगुरूंना अर्पण केली. १८९६ च्या ३० डिसेंबरला स्पॅनिश सरकारने रिझाल यांनाच गोळ्या घातल्या.

तर एकाच शब्दाच्या छताखाली चाचा आहे, गुलामगिरीसाठी देश बळकावणारा साहसवीर आहे, फासावर जाणारा देशभक्त आहे आणि सभागृहात तासन्‌तास बोलणारा सिनेटर आहे. अशा वेळी एक सोपा युक्तिवाद समोर येतो आणि फिलिबस्टरच्या विरोधकांना तो फार आवडतो: शब्द मुळात चाच्यांचा, म्हणून प्रथाही चाचेगिरीच. हा युक्तिवाद मला पटत नाही. शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे त्याच्यावरचं आरोपपत्र नसतं. नाहीतर त्याच व्युत्पत्तीच्या जोरावर रिझाल यांनाही चाचा म्हणावं लागेल, आणि स्पॅनिश सरकारला तेच तर हवं होतं. मूळ अर्थावरून आजच्या प्रथेचा न्याय करता येत नाही. पण एक गोष्ट या सगळ्या अर्थांत सारखी आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. लोपेझ, वॉकर, रिझाल, अगदी थरमंडही: जो कोणी फिलिबस्टर म्हणवला गेला त्याने स्वतःला पणाला लावलं होतं. कुणी मान दिली, कुणी निदान पाय आणि घसा. आजच्या सिनेटमधल्या फिलिबस्टरमध्ये पणाला काही लागतच नाही.

ही अवस्था कशी आली?

फिलिबस्टर ही राज्यघटनेची देणगी आहे असा समज फार पसरलेला आहे. घटनेत तिचा उल्लेख नाही. दोन-तृतीयांश बहुमत कुठे लागेल हे घटनाकारांनी मोजून सांगितलं आहे: परराष्ट्रांशी करार, राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार रद्द करणं, महाभियोगात दोषी ठरवणं, सदस्याची हकालपट्टी, घटनादुरुस्तीचा प्रस्ताव. साध्या कायद्यांसाठी साधं बहुमत. मतं समसमान पडली तर उपराष्ट्राध्यक्षांनी निर्णायक मत द्यावं असंही घटना सांगते. साठ मतांचीच अट असती तर समसमान मतांची काळजी घटनाकारांनी कशाला केली असती? घटनाकारांपैकीच एक असलेल्या अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी तर त्या काळी स्वच्छ लिहिलं आहे की अल्पमताला बहुमतावर नकाराधिकार देणं म्हणजे जास्त लोकांची इच्छा थोड्यांच्या इच्छेखाली दडपणं.

फिलिबस्टरला जागा झाली ती एका साफसफाईत. १८०६ मध्ये सिनेटने आपली नियमावली आटोपशीर केली आणि चर्चा संपवून मतदान घ्यायला वापरता येईल असा एक नियम, फारसा उपयोगात नाही म्हणून, काढून टाकला. प्रतिनिधिगृहाने तसाच नियम ठेवला आणि पुढे त्याच्या बळावर चर्चा आवरली. सिनेटमध्ये चर्चा थांबवायला कुठलंच हत्यार उरलं नाही. कोणी ठरवून अल्पमताला ढाल दिली नव्हती. दार उघडं राहिलं होतं आणि आत यायला लोकांना तीसेक वर्षं लागली, इतकंच.

प्रतिनिधिगृहातही अडवणूक होत नव्हती असं नाही. तिथली पद्धत वेगळी होती: सदस्य खुर्चीत बसून राहायचे, पण हजेरी पुकारली की गप्प, म्हणजे गणसंख्या भरायची नाही. १८९० मध्ये सभापती थॉमस रीड यांनी समोर बसलेल्यांची नावं स्वतःच हजर म्हणून नोंदवायला सुरुवात केली. केंटकीच्या एका सदस्याने उठून हरकत घेतली की मला हजर धरायचा तुम्हाला अधिकार नाही. रीड यांनी शांतपणे विचारलं की सन्माननीय सदस्य इथे हजर आहेत एवढंच मी म्हणतोय, ते हे नाकारतात का? प्रतिनिधिगृहातली अडवणूक तिथून मोडत गेली.

सिनेटला पहिला लगाम बसला तो १९१७ मध्ये. व्यापारी जहाजांवर तोफा बसवायचं विधेयक काही सिनेटरांनी बोलून बोलून मारलं. मूठभर हट्टी माणसांनी महान सरकारला हतबल केलं, असा संताप राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी व्यक्त केला आणि काही दिवसांत नियम झाला की हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश सदस्य म्हणाले तर चर्चा बंद. याला क्लोचर म्हणतात. यातला 'हजर' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

यानंतरचा काळ हा बोलणाऱ्या फिलिबस्टरचा. लोकांच्या मनात जी प्रतिमा आहे ती या काळाने दिली आणि हॉलिवूडने ती उजळ केली. १९३५ मध्ये लुइझियानाचे ह्युई लाँग पंधरा तासांवर बोलले आणि त्यात तळलेल्या कालवांची पाककृतीही सांगून गेले. थरमंड यांनी राज्यांचे निवडणूक कायदे एकामागून एक वाचले. अशा किश्शांमुळे हा सगळा प्रकार खेळकर वाटतो. पण या काळातली सगळ्यांत पद्धतशीर अडवणूक कशासाठी झाली ते पाहिलं की हसू मावळतं. कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारण्याविरुद्धचं डायर विधेयक प्रतिनिधिगृहाने १९२२ मध्ये मंजूर केलं. सिनेटमध्ये दक्षिणेच्या सदस्यांनी ते अडवलं. १९३० च्या दशकात तेच पुन्हा झालं. असा कायदा शेवटी झाला तो मार्च २०२२ मध्ये, वर्णद्वेषातून मारल्या गेलेल्या एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाच्या नावाने. मध्ये शंभर वर्षं गेली. २००५ मध्ये सिनेटने असा कायदा न केल्याबद्दल माफी मागितली होती, पण नियमाला हात लावला नव्हता.

तरीही त्या काळाबद्दल एक गोष्ट मान्य करायला हवी. अडवणूक डोळ्यांना दिसत होती, म्हणून हरवताही येत होती. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध दक्षिणेचे सिनेटर कामकाजाचे सुमारे साठ दिवस लढले. शेवटच्या रात्री वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड चौदा तासांवर बोलत होते. १० जूनला क्लोचरचं मतदान झालं. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल मेंदूच्या गाठीने आजारी होते, त्यांची वाचा गेली होती. त्यांना चाकांच्या खुर्चीतून सभागृहात आणलं. नाव पुकारल्यावर त्यांनी हात उचलून आपल्या डोळ्याकडे बोट दाखवलं. इंग्रजीत 'डोळा' आणि 'होय' यांचा उच्चार एकच. चर्चा थांबवायच्या बाजूने ७१ मतं पडली, विरोधात २९. पुढच्याच महिन्यात एंगल गेले. रोज वर्तमानपत्रं कोण बोलतोय आणि कशाविरुद्ध बोलतोय ते छापत होती, त्या दबावाखाली ही ७१ मतं जमली.

सत्तरच्या दशकात दोन बदल झाले आणि दोन्ही सद्भावनेने झाले. बहुमताचे नेते माइक मॅन्सफिल्ड यांनी दोन रुळांची पद्धत आणली: एका विधेयकावर फिलिबस्टर चालू असेल तर ते बाजूला ठेवायचं आणि दुसरं काम चालू करायचं. कामकाज ठप्प होऊ नये हा हेतू. परिणाम असा की अडवणाऱ्याला बोलायची गरजच उरली नाही, कारण त्याचं विधेयक बाजूच्या रुळावर न बोलताही पडून राहणार. मग १९७५ मध्ये क्लोचरची अट दोन-तृतीयांशावरून तीन-पंचमांशावर उतरवली. वरवर पाहता ही सवलत. पण आधी हिशोब हजर सदस्यांचा होता, आता तो एकूण सदस्यसंख्येचा झाला. म्हणजे शंभरातले साठ. पूर्वी अडवणाऱ्यांना रात्री-अपरात्री हजर राहावं लागे, कारण ते गैरहजर राहिले की दोन-तृतीयांशाचा आकडा खाली यायचा. आता ते घरी झोपू शकतात. ४१ जण आलेच नाहीत तरी ५९ विरुद्ध शून्य मतांनी विधेयक पडतं.

माझ्या मते आजच्या दुखण्याचं मूळ या छेदाच्या बदलात आहे. १९१७ ते १९७० या काळात क्लोचरचे साठही प्रस्ताव दाखल झाले नव्हते. २०२१-२२ च्या एका काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेच्या दोन वर्षांच्या एका कार्यकाळात, तीनशेहून जास्त झाले. त्यातले बरेच नेमणुकांबाबतचे होते हे खरं, आणि प्रत्येक प्रस्ताव म्हणजे एक अडवणूक असं समजणं चूक ठरेल. पण अपवादाचा रिवाज झाला हे त्यातून कळतं.

दोन्ही प्रकार शेजारी ठेवून पाहायचे तर २०१३ चं साल सोयीचं आहे. ६ मार्चला केंटकीचे रँड पॉल सीआयएच्या प्रमुखपदावरची नेमणूक अडवायला उभे राहिले आणि जवळजवळ तेरा तास बोलले. प्रश्न एकच: अमेरिकेच्या भूमीवर, लढाईत नसलेल्या अमेरिकी नागरिकाला ड्रोनने मारायचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना आहे का? दुसऱ्या दिवशी अॅटर्नी जनरलनी पत्र पाठवून उत्तर दिलं की नाही. त्याच दिवशी नेमणूक मंजूरही झाली. पॉल हरले, पण देशाला एका प्रश्नाचं लेखी उत्तर मिळालं. पुढच्याच महिन्यात बंदूक विकत घेणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासायची व्याप्ती वाढवणारी, दोन पक्षांच्या सिनेटरांनी मिळून मांडलेली सूचना मतदानाला आली. आदल्या डिसेंबरात न्यूटाउनच्या शाळेत वीस लहान मुलं मारली गेली होती. सूचनेला ५४ मतं मिळाली, ४६ विरोधात, आणि ती पडली. साठ मतं लागतील हे दोन्ही बाजूंनी आधीच मान्य करून टाकलं होतं. ४६ जणांपैकी कोणालाही रात्र जागवावी लागली नाही.

पहिल्याला फिलिबस्टर म्हणायला माझी हरकत नाही. दुसऱ्याला तेच नाव देणं म्हणजे त्याला न कमावलेली प्रतिष्ठा देणं होय. फिलिबस्टर टिकवा असं म्हणणाऱ्या सामान्य माणसाच्या मनात एकटा उभा राहून घसा फोडणारा माणूस असतो, आणि त्याच्या सहानुभूतीवर ४१ जणांचा मूक नकार पोसला जातो. काही अभ्यासक आणि पत्रकार त्याला सरळ 'साठ मतांची अट' म्हणतात. सगळ्यांनीच तसं म्हणायला हवं. पावणेसहा लाख लोकवस्तीच्या वायोमिंगला दोन सिनेटर आणि चार कोटींच्या आसपास वस्तीच्या कॅलिफोर्नियालाही दोनच, अशा सभागृहात ही अट किती जड आहे हे त्या नावाने निदान उघड तरी होतं.

समर्थकांचा सर्वांत वजनदार मुद्दा स्थैर्याचा आहे. देश जवळपास अर्धाअर्धा विभागलेला असताना साध्या बहुमताने कायदे होऊ लागले तर दर दोन-चार वर्षांनी सगळं उलटंपालटं होईल, असं ते म्हणतात. भीती खोटी नाही. पण उलटापालट थांबवायला घटनेने आधीच भरपूर अडसर घातले आहेत: दोन सभागृहं, राष्ट्राध्यक्षांची सही, न्यायालयं, आणि दर दोन वर्षांनी जेमतेम एक-तृतीयांश बदलणारं सिनेट. शिवाय साठ मतांच्या अटीने उलटापालट थांबलेली नाही, तिने फक्त वाट बदलली. काँग्रेसमधून कायदा होत नाही म्हणून राष्ट्राध्यक्ष आदेश काढतात आणि पुढचा राष्ट्राध्यक्ष पहिल्याच दिवशी ते फाडतो. अर्थसंकल्पाशी जोडलेल्या विधेयकांना १९७४ च्या कायद्यामुळे साधं बहुमत पुरतं, म्हणून जमेल ते सगळं त्यात कोंबलं जातं. मग काय अर्थसंकल्पीय आणि काय नाही हे सिनेटच्या नियमसल्लागाराला ठरवावं लागतं. २०२१ मध्ये तासाला पंधरा डॉलर किमान वेतनाची तरतूद अशाच सल्ल्याने बाहेर गेली. ती योग्य होती की नव्हती हा वाद वेगळा, पण तो लोकांनी निवडलेल्या शंभर जणांनी उघड मतांनी मिटवायचा होता.

तरीही फिलिबस्टर मुळापासून उखडावं असं मला वाटत नाही. रँड पॉलसारखा प्रश्न विचारायची जागा सभागृहात हवी. बहुमताला काही वेळा ऐकू येत नाही आणि त्याच्या कानाशी तेरा तास बसणारं कोणीतरी लागतं. टेक्सास राज्याच्या सिनेटमध्ये याच २०१३ च्या जूनमध्ये वेंडी डेव्हिस गर्भपातावर निर्बंध घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध अकरा तासांच्या आसपास उभ्या राहून बोलल्या. तिथला नियम कडक: बसायचं नाही, टेकायचं नाही, विषय सोडायचा नाही. पाककृती वाचून वेळ काढायची सोय नाही. विधेयक पुढच्या विशेष अधिवेशनात मंजूर झालंच. पण त्यात काय आहे हे तोवर राज्यातल्या घराघरात पोचलं होतं. अल्पमताच्या अडवणुकीकडून लोकशाहीने मागायचं ते एवढंच: उशीर करा, आणि उशिराचं कारण सगळ्यांना ऐकवा.

'मग त्यांना बोलायला लावा' एवढं म्हणून मात्र भागत नाही. बोलणाऱ्या फिलिबस्टरचा आजच्या नियमांत बहुमतालाच जास्त त्रास होतो. बोलणाऱ्या बाजूला एकदोन माणसं पुरतात, पण त्यांच्यातल्या कोणी गणसंख्येची मागणी केली की बहुमताला मध्यरात्रीही एक्कावन्न जण हजर करावे लागतात. नेत्यांनी हा खेळ सोडला तो याच कारणाने, आळसाने नव्हे. म्हणून बदल छेदातच करावा लागेल. चर्चा थांबवायला साठ मतं लागण्याऐवजी चर्चा चालू ठेवायला एकेचाळीस मतं लागावीत, आणि ती सभागृहात हजर राहून, मागितली जातील तेव्हा, रात्री दोन वाजताही द्यावी लागावीत. चाळीसच उरले की मतदान. विषय सोडून बोलायचं नाही हा टेक्सासचा नियमही सोबत घ्यावा. एका सिनेटरने एका प्रश्नावर एका कामकाजी दिवसात (सिनेट तहकूब होईपर्यंत तो दिवस चालूच राहतो) दोनदाच बोलायचं हा सिनेटचा नियम आधीपासून आहे, तो गांभीर्याने लावला तरी एकेचाळीस जणांचं बोलणं कधीतरी संपतंच. एवढं करूनही ज्यांना एखादं विधेयक नकोच आहे ते आठवडेच्या आठवडे उभे राहतील. राहू देत. तेव्हा तरी ते कोण आणि कशासाठी उभे आहेत हे मतदारांना कळेल.

अडचण युक्तिवादाची नाही, वेळेची आहे. जो पक्ष अल्पमतात असतो त्याला फिलिबस्टर पवित्र वाटतं आणि बहुमतात आला की तेच काळ्या दगडावरची अन्यायाची रेघ वाटू लागतं. २०१३ मध्ये डेमोक्रॅट्सनी बहुतेक नेमणुकांपुरती साठ मतांची अट मोडली तेव्हा रिपब्लिकनांनी आकांत केला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकीसाठी ती रिपब्लिकनांनी मोडली तेव्हा आकांत डेमोक्रॅट्सचा होता. त्याच एप्रिलमध्ये दोन्ही पक्षांच्या एकसष्ट सिनेटरांनी कायद्यांसाठीचं फिलिबस्टर वाचवा असं पत्र लिहिलं. मतदानहक्काच्या विधेयकापुरतं बोलणारं फिलिबस्टर परत आणायचा प्रस्ताव १९ जानेवारी २०२२ ला आला, तेव्हा त्या पत्रावर सह्या करणारे कित्येक डेमोक्रॅट बदलाच्या बाजूने उभे होते. प्रस्ताव ४८ विरुद्ध ५२ असा पडला.

ही कोंडी फुटायची तर नियम आज करावा आणि लागू सहा वर्षांनी व्हावा. सिनेटरची मुदत सहा वर्षांची. तेवढ्या काळात शंभरच्या शंभर जागांची निवडणूक एकदा होऊन गेलेली असेल, आणि तेव्हा बहुमत कोणाचं असेल हे आज मत देणाऱ्या कोणालाच ठाऊक नसेल. आपण अडवणारे असू की अडवले जाणारे, हे माहीत नसताना जो नियम शंभरातल्या एक्कावन्न जणांना मान्य होईल, त्याला मग नाव काहीही द्यावं.